कोकणातल्या विद्यापीठात किंवा महाविद्यालयात नव्याने येणाऱ्यांसाठी: मार्गदर्शक, सहकारी आणि सोबती यांच्याशी नाते कसे जोडावे

दापोलीचे कृषी विद्यापीठ, रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय, मुंबई विद्यापीठाचे रत्नागिरी उपकेंद्र, लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ, वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र आणि चिपळूण, देवरुख, कणकवली, सावंतवाडी येथील महाविद्यालये अशा ठिकाणी दरवर्षी बाहेरगावाहून माणसे येतात. कुणी पदव्युत्तर शिक्षणासाठी येते, कुणी पीएच.डी.साठी, कुणी प्रकल्पावरच्या कंत्राटी जागेवर, तर कुणी तासिका तत्त्वावर शिकवायला. प्रवेश कसा घ्यावा, शुल्क किती भरावे, वसतिगृहाचा अर्ज कधी करावा हे माहितीपुस्तिकेत छापलेले असते. विभागात पाऊल ठेवल्यावर कुणाशी कसे बोलावे, कोणती गोष्ट तोंडी ठरवावी आणि कोणती लेखी, नाते बिनसले तर कुणाकडे जावे, हे मात्र कुठेही छापलेले नसते, आणि माणसाची पहिली दोन वर्षे कशी जातात हे बहुतांशी त्यावरच ठरते.

मी याच किनाऱ्यावर पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन पूर्ण केले, पुढे प्रकल्पावर काम केले आणि आता अध्यापनात आहे. या काळात अनेक हुशार मुले-मुली गप्प होत गेलेली मी पाहिली. अभ्यास झेपत नव्हता म्हणून ती गप्प झाली असे क्वचितच घडले. विचारायचे कुणाला हे कळत नव्हते, किंवा ज्या एकाच माणसाला विचारता येत होते तो नाराज झाला होता, हेच कारण बहुतेक वेळा असे. म्हणून या लेखातला माझा आग्रह एकच आहे. आपले शिक्षण, आपली नोकरी आणि आपले मनःस्वास्थ्य एकाच व्यक्तीच्या मर्जीवर टांगून ठेवू नये. चार-पाच वेगवेगळ्या माणसांशी, वेगवेगळ्या कामांसाठी, सरळ आणि स्पष्ट नाते असावे, आणि ज्या नात्यात अधिकार असमान आहेत तिथे ठरलेल्या गोष्टींची लेखी नोंद असावी.

## १. येण्याआधी: कागदपत्रांची फाईल

नात्यांविषयीच्या लेखात कागदपत्रे कशाला, असा प्रश्न पडेल. ज्याच्याकडे कागद अपुरा असतो त्याला पहिल्याच आठवड्यात कार्यालयात कुणाची तरी मनधरणी करावी लागते, आणि उपकाराने सुरू झालेले नाते पुढे बरोबरीचे होणे कठीण जाते. म्हणून पुढील कागद मूळ प्रतीसह, तीन-तीन छायाप्रती काढून आणि मोबाइलमध्ये स्कॅन करून बरोबर ठेवावेत.

- प्रवेशपत्र किंवा नियुक्तिपत्र. त्यावर कालावधी, मानधन आणि कामाचे स्वरूप लिहिलेले आहे की नाही हे आधी वाचून पाहावे.
- गुणपत्रके, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र.
- लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला.
- दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी यूडीआयडी कार्ड. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, आणि लेखनिक, जादा वेळ, तळमजल्यावरची खोली यांची मागणी करताना हे कार्ड लागते.
- रॅगिंगविरोधी हमीपत्र, विद्यार्थ्याचे आणि पालकांचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार ते भरून द्यावे लागते.
- आपल्या अभ्यासक्रमाचे नियम, म्हणजे ज्या अध्यादेशानुसार परीक्षा, प्रबंध आणि मार्गदर्शक बदल होतो त्याची प्रत. ही प्रत फार थोडे विद्यार्थी मिळवतात, आणि अडचण आल्यावर तीच सर्वांत आधी लागते.

एक वेगळी वहीही करावी. तिच्यात वसतिगृह अधीक्षक, विभागप्रमुख, लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षा, जवळचे पोलीस ठाणे आणि जवळचा डॉक्टर यांचे दूरध्वनी क्रमांक हाताने लिहून ठेवावेत. पावसाळ्यात वीज जाऊन मोबाइल बंद पडणे इथे नवलाचे नाही.

## २. पहिला महिना: ज्यांच्या नावाची पाटी नसते त्यांना भेटा

नवीन माणूस सहसा प्राध्यापकांच्या खोल्यांच्या दारावरच्या पाट्या वाचतो आणि त्याच क्रमाने ओळखी करतो. माझा सल्ला याच्या उलट आहे. प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातले कर्मचारी, आस्थापना आणि परीक्षा विभागातले लिपिक, प्रक्षेत्रावरचे (प्रयोगाच्या शेतावरचे) मजूर, वसतिगृहाच्या मावशी यांना पहिल्या महिन्यात नावाने ओळखायला शिकावे आणि त्यांनी आपल्याला ओळखावे असे वागावे. इथे वयाने मोठ्या कर्मचाऱ्यांना मामा, काका, मावशी, ताई म्हणण्याची रीत आहे. ती पाळावी, पण ‘अहो’ सोडू नये.

यामागे सौजन्य आहेच, शिवाय शास्त्रही आहे. भाताच्या प्रयोगाचे उदाहरण घेऊ. यादृच्छिक गट मांडणीत आपण शेताचे सारखेपणा असलेले गट पाडतो आणि प्रत्येक गटात सर्व प्रक्रिया, म्हणजे ज्यांची तुलना करायची ते पर्याय, बसवतो. कागदावर शेत आयताकृती आणि सपाट असते. प्रत्यक्षात कोकणातली खाचरे उतारावर पायरीपायरीने बांधलेली असतात आणि एकाच खाचरातही वरच्या बांधाकडे आणि खालच्या बांधाकडे पाणी वेगळे वागते. लावणीच्या आदल्या दिवशी दोऱ्या आणि खुंट्या घेऊन एक विद्यार्थिनी गट आखत होती. तिथले मजूर मामा बांधावर उभे राहून बघत होते. तिने नमस्कार करून सहज विचारले, “मामा, इथे पाणी कसे राहते?” त्यांनी हाताने दाखवले, “त्या कोपऱ्यात लावणीनंतर आठवडाभर पाणी हटत नाही. तिथे रोप पिवळे पडते. खत कितीही घाला.” तिने तो कोपरा प्रयोगातून वगळला आणि गट उताराला आडवे आखले. हे तिला पुस्तकातही सापडले असते, पण तो नेमका कोपरा कुठे आहे हे पुस्तकात नव्हते. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तिने त्या मामांचे नाव लिहिले. ते नाव तिथे असणे मला फार योग्य वाटते.

इथला एक सापळा असा, की कामापुरती ओळख ठेवून नंतर न पाहिल्यासारखे करणारे विद्यार्थी सर्वांच्या लक्षात राहतात. दुसरा सापळा म्हणजे बोलीची थट्टा. विदर्भातून आलेल्याच्या ‘काहून’वर हसणे आणि मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या कर्मचाऱ्याची नक्कल करणे, दोन्ही सारखेच वाईट आहे. ज्याच्या बोलण्यावर पहिल्या आठवड्यात हसू झाले तो चर्चासत्रात पुढचे सहा महिने तोंड उघडत नाही, हे मी वर्गात पाहते आहे.

## ३. पहिला पावसाळा: एकटेपणाचा अर्थ चुकीचा लावू नका

सत्र सुरू होते तेव्हा कोकणात पाऊस असतो. कपडे वाळत नाहीत, घरी जायला घाट ओलांडावा लागतो, आणि ‘आपण या जागेचे नाही’ हा विचार संध्याकाळी मनात येतो. हा विचार जवळपास प्रत्येकाला येतो. मात्र ज्याच्या घरातले पहिलेच माणूस विद्यापीठात आले आहे, किंवा ज्याची जात, धर्म, भाषा, प्रांत वा शारीरिक मर्यादा त्या वर्गात अल्पसंख्य आहे, त्याच्या मनात तो अधिक खोल जातो. इतरांसाठी ती फक्त घरची आठवण असते, याच्यासाठी मात्र तो आपल्या पात्रतेवरचा निकाल ठरतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी सुमारे तासाभराच्या एकाच बैठकीत असे दाखवले, की वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनाही सुरुवातीला परके वाटले होते आणि काळानुसार ते कमी झाले. त्या एका बैठकीचा लाभ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांत पुढची तीन वर्षे दिसला. आपल्या वर्गखोल्यांत जशीच्या तशी आकडेवारी येईल असे मी म्हणत नाही, पण त्यातले तत्त्व ताबडतोब वापरता येते. वरच्या वर्गातल्या दोघांना-तिघांना स्वतंत्रपणे विचारा, “तुम्हाला पहिल्या सत्रात कसे वाटले होते?” उत्तरे ऐकल्यावर आपली अवस्था आपल्यापुरतीच नाही हे कळते, आणि त्याच प्रश्नातून ओळखही होते.

भाद्रपदात गणपतीसाठी अवघे कोकण घरी जाते. वसतिगृह रिकामे होते, खानावळ बंद राहते आणि लांबचे विद्यार्थी मागे उरतात. कुणी घरी बोलावले तर आवर्जून जावे, आणि स्थानिक विद्यार्थ्यांनी आपण होऊन बोलवावे. बोलावताना एक गोष्ट लक्षात ठेवावी, की कुणाला आत पंगतीत बसवले आणि कुणाला पडवीत चहा दिला हे पाहुण्याला कळते. जातीवरून किंवा धर्मावरून वेगळे वागवायचे असेल तर ते आमंत्रण न दिलेलेच बरे. खानावळीत मासे खाणाऱ्यांचे आणि न खाणाऱ्यांचे टेबल वेगळे असणे सोयीचे असू शकते, पण त्या आडून माणसेच वेगळी बसवली जाऊ लागली तर ती बाब वसतिगृह समितीपुढे न्यावी.

खोली भाड्याने शोधताना आडनाव विचारून मग ‘खोली नुकतीच गेली’ असे सांगितले जाते, हे कोकणातही घडते. अशा वेळी एकट्याने घरोघरी फिरू नये. विभागातल्या शिक्षकांना किंवा वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना सांगावे, कारण विनाप्रश्न खोली देणारी घरे त्यांना ठाऊक असतात. आणि संस्थेच्या समान संधी कक्षाला ही अडचण लेखी कळवावी. कक्षाकडे नोंदच नसेल तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात प्राधान्य द्यावे हे कुणाला सुचणार नाही.

## ४. मार्गदर्शक: सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत असमान नाते

मार्गदर्शक निवडायची संधी असेल तर केवळ नावलौकिक पाहू नये. त्यांच्याकडचे आताचे आणि नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी शोधून त्यांना विचारावे: मसुदा वाचून किती दिवसांत परत मिळतो, शोधनिबंधात नाव कुठल्या क्रमाने येते, आजारपणात रजा मागताना भीती वाटते का. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. ज्यांच्याकडे जागा भरलेल्या आहेत त्यांच्या मागे वर्ष घालवू नये.

पहिल्या बैठकीत पुढील गोष्टी नम्रपणे पण नेमक्या शब्दांत विचारून घ्याव्यात.

- भेट किती दिवसांनी आणि कोणत्या वेळी?
- मसुदा कागदावर द्यायचा की ईमेलवर, आणि एकेका प्रकरणाने की एकत्र?
- प्रक्षेत्र भेटीचा, नमुने तपासणीचा आणि प्रवासाचा खर्च कोणी करायचा?
- संशोधनातून निबंध झाला तर पहिले नाव कुणाचे?
- रजेसाठी कुणाला, किती आधी कळवायचे?

शेवटून दुसरा प्रश्न विचारायला मुले घाबरतात. तो सुरुवातीलाच विचारला तर तो फक्त कार्यपद्धतीचा प्रश्न असतो. निबंध तयार झाल्यावर विचारला तर तोच आरोप वाटतो.

बैठक झाल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल पाठवावा. तो असा असू शकतो:

“आदरणीय मॅडम, आज दुपारच्या चर्चेत पुढील गोष्टी ठरल्या असे मी समजते. (१) मातीचे नमुने ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात घ्यायचे. (२) संदर्भ साहित्याचे प्रकरण महिनाअखेरीस द्यायचे. (३) दुसऱ्या जागेवरचा प्रयोग यंदा घ्यायचा नाही. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया कळवावे.”

हा ईमेल अविश्वासाचे लक्षण नाही. चांगल्या मार्गदर्शकांना तो आवडतो, कारण अनेक विद्यार्थ्यांचे काय ठरले हे त्यांनाही आठवावे लागत नाही. नाते बिघडलेच तर हेच ईमेल तारखांसह तुमच्या बाजूने बोलतात.

चूक झाली तर ती कशी सांगायची, हा नव्या माणसाचा मोठा पेच असतो. समजा प्रक्षेत्रावरून आणलेल्या मातीच्या पिशव्यांवरची लेबले पावसात भिजून पुसली गेली. अंदाजाने क्रमांक टाकण्याचा मोह होतो, कारण रागावणे ऐकायचे नसते. तसे करू नये. त्याच दिवशी जाऊन काय झाले, किती नमुने बाधित आहेत आणि पुन्हा नमुने घ्यायला किती वेळ लागेल, या तीन गोष्टी सांगाव्यात. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला होता, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कक्षांत माणसांचे आपसांत चांगले जमत होते तिथे चुकांच्या नोंदी अधिक आढळल्या. त्याचा उलगडा असा, की तिथे चुका उघडपणे बोलता येत होत्या, आणि बाकीच्या ठिकाणी त्या दडवल्या जात होत्या. हे वाचणाऱ्या मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे, की विद्यार्थी चूक सांगायला येतो तेव्हाचा तुमचा पहिला शब्द जपून वापरा. पुढच्या सर्व आकडेवारीचा खरेपणा त्यावर अवलंबून असतो.

आता सापळे. पहिला, मार्गदर्शकांच्या घरची कामे. मुलांना शाळेतून आणणे, गॅस सिलिंडर लावणे, आंब्याच्या पेट्या पोहोचवणे ही कामे आधी आपुलकीतून येतात आणि नंतर गृहीत धरली जातात. एखाद्या अडचणीला मदत करणे वेगळे. ती नित्याची झाली, की “सर, आज प्रयोगशाळेत वाचन घ्यायचे आहे, जमणार नाही” असे शांतपणे, कारण देऊन सांगावे, आणि हे सुरुवातीच्या काळातच सांगावे. दुसरा सापळा, ज्याने काम केले नाही त्याचे नाव निबंधात घालण्याचा आग्रह. तिसरा, मार्गदर्शकांचे दुसऱ्या प्राध्यापकांशी असलेले वैर आपल्या अंगावर घेणे. विद्यार्थ्याने दोन्ही दारांत नमस्कार करावा आणि एका खोलीतले बोलणे दुसऱ्या खोलीत नेऊ नये.

मार्गदर्शक एकटे नसतात हेही लक्षात ठेवावे. कृषी विद्यापीठांत सल्लागार समिती असते आणि तिच्यापुढे संशोधनाचा आराखडा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘ओआरडब्ल्यू’, मांडावा लागतो. अनुदान आयोगाच्या कक्षेतल्या विद्यापीठांत संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती मांडायची असते. बहुतेक विद्यार्थी समितीच्या सदस्यांना फक्त स्वाक्षरीपुरते भेटतात. प्रत्येक सदस्याला सत्रातून एकदा तरी वीस मिनिटे मागून, एक नेमका प्रश्न घेऊन भेटावे. वाद झाल्यावर पहिल्यांदा भेटायला गेलेल्या विद्यार्थ्याला आणि वर्षभर कामाविषयी बोलत आलेल्या विद्यार्थ्याला मिळणारी वागणूक एकसारखी नसते.

## ५. सोबती, सिनियर आणि दूरच्या ओळखी

आपल्या जिल्ह्याचे, आपल्या बोलीचे, आपल्या समाजाचे विद्यार्थी आधी जवळ करतात आणि त्यांचा आधार खरा असतो. तो सोडू नये. पण तेवढ्यावर थांबूही नये. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की नोकरीची बातमी अनेकदा जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीतून मिळते, कारण जवळच्यांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीतच असते. विभागाबाहेरची एक तरी ओळख ठेवावी. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने मत्स्यशास्त्राच्या चर्चासत्राला जावे, रत्नागिरीच्या विद्यार्थिनीने वेंगुर्ल्याच्या शास्त्रज्ञांना शंका लिहून पाठवावी.

व्हॉट्सॲपच्या गटांकडे लक्ष द्यावे. विभागाचा अधिकृत गट एक असतो आणि खऱ्या बातम्या दुसऱ्याच गटात फिरतात. शिष्यवृत्तीची अंतिम तारीख, पाहुण्यांचे व्याख्यान, प्रकल्पावरची रिकामी जागा ही माहिती फक्त ‘आपल्या’ गटात जाते, तेव्हा कुणीही कुणाला हाकललेले नसते आणि तरीही काही जण बाहेर पडलेले असतात. वर्ग प्रतिनिधीला विनंती करून अशा सूचना फलकावरही लावून घ्याव्यात.

सिनियरांची मदत मोलाची असते: जुन्या प्रश्नपत्रिका, उपकरणाची खोड, कोणत्या सुट्टीत कार्यालय खरेच चालू असते, हे तेच सांगतात. पण ‘ओळख परेड’, रात्री खोलीत बोलावणे, कामे करून घेणे, आडनावावरून किंवा दिसण्यावरून टोमणे, हे रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे बंधनकारक आहे. देशपातळीवरचा मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ हा आहे.

## ६. कंत्राटी आणि तासिका तत्त्वावर येणाऱ्यांसाठी

या सहकाऱ्यांची स्थिती विद्यार्थ्यांपेक्षाही नाजूक असते, कारण ते कर्मचारीही असतात आणि दरवर्षी नव्याने उमेदवारही. विभागाच्या बैठकीला त्यांना बोलावले जात नाही, शिक्षक कक्षात खुर्ची नसते, आणि परीक्षेची कामे मात्र वाट्याला येतात. घेतलेल्या प्रत्येक तासाची नोंद स्वतःच्या वहीत ठेवून महिनाअखेरीस विभागप्रमुखांची स्वाक्षरी घ्यावी. मानधन लांबले तर भांडणाऐवजी ही वही कामी येते. शैक्षणिक बैठकांना उपस्थित राहण्याची विनंती लेखी करावी. कायम प्राध्यापकांना माझे सांगणे आहे, की तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याची विद्यार्थ्यांसमोर ओळख ‘हे तात्पुरते आहेत’ अशी करून देऊ नका. वर्ग त्याच क्षणी त्यांचे ऐकणे सोडतो.

प्रक्षेत्रावर किंवा गावोगाव सर्वेक्षणाला जाणाऱ्या महिलांनी परतीच्या एसटीची वेळ आधी पाहून त्यानुसारच काम आखावे, आणि उशीर होणारच असेल तर वाहनाची मागणी लेखी करावी. मागणी करणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

## ७. नाते बिनसले तर: कोणत्या क्रमाने काय करावे

पहिली गोष्ट, नोंदवही. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, तिथे कोण होते. आठवणीतून महिन्यांनी लिहिलेल्या वर्णनापेक्षा त्याच रात्री लिहिलेल्या पाच ओळींना अधिक वजन असते.

दुसरी, गैरसमज आणि अन्याय यांतला फरक करावा. मसुदा उशिरा तपासणे, चिडून बोलणे, कामाचा ताण टाकणे यांसाठी आधी समक्ष बोलावे, मग समितीतल्या एखाद्या ज्येष्ठ सदस्यांना मध्ये घ्यावे, मग विभागप्रमुखांना लिहावे. मार्गदर्शक बदलण्याची तरतूद नियमांत असते. ती वापरल्याने आयुष्य संपत नाही, आणि अशा बदलानंतर उत्तम काम केलेले विद्यार्थी माझ्या माहितीत आहेत.

गुणांकन, शुल्क, शिष्यवृत्ती, भेदभाव यांविषयीच्या तक्रारींसाठी अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय न पटल्यास १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. जातीवाचक वागणुकीबाबत संस्थेतल्या समितीबरोबर पोलिसांकडे जाण्याचा मार्गही खुला असतो.

लैंगिक छळाच्या बाबतीत वरचा क्रम लागू नाही. तिथे ‘आधी समक्ष बोला’ असे कुणी सांगितले तर ऐकू नये. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यस्थळी अंतर्गत समिती हवी. तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला असते आणि निम्म्या तरी सदस्य महिला असतात. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, समाधानकारक कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. उच्च शिक्षण संस्थांसाठीचे २०१५ चे विनियम विद्यार्थ्यांनाही हेच संरक्षण देतात, आणि त्यांत एक फार उपयोगी तरतूद आहे: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराचे मूल्यमापन किंवा परीक्षण करण्यापासून चौकशीच्या काळात दूर ठेवता येते. ‘तक्रार केली तर गुण जातील’ ही भीती असेल तर याच तरतुदीचा आधार घेऊन ती सांगून टाकावी आणि तक्रारीसोबतच हा अंतरिम दिलासा लेखी मागावा.

सर्वांत मोठा सापळा ‘आपापसांत मिटवा, संस्थेचे नाव जाईल’ या वाक्यात आहे. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आरोपीचे नातेवाईक कार्यालयात असतात, त्यामुळे हे वाक्य फार आपुलकीने सांगितले जाते. त्यात तीन महिने निघून जातात आणि मुदत संपते.

## ८. मनाची प्रकृती

झोप उडणे, भूक मंदावणे, विभागाच्या पायऱ्या चढताना छातीत धडधडणे, घरचे फोन टाळणे, हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर मदत घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. आपल्या संस्थेत ती व्यक्ती कोण, हे कार्यालयात विचारावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध असते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात, आणि रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्या इमारतीच्या नावाचीच गावात धास्ती घेतली जाते, म्हणून तिथल्या बाह्यरुग्ण विभागात एकट्याने जाणे जड वाटत असेल तर मित्राला बरोबर न्यावे. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला असेल तर वाट पाहू नये, त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगावे आणि वरचा क्रमांक फिरवावा.

घरी काय सांगायचे हाही प्रश्न असतो. आई-वडिलांनी कर्ज काढून पाठवले असेल तर ‘सगळे ठीक आहे’ हेच तोंडातून निघते. निदान भावंडांपैकी किंवा मामा-मावशीपैकी एकाला तरी खरी स्थिती माहीत असू द्यावी.

## ९. जाताना

प्रबंध सादर झाला की माणसे घाईने निघतात. त्याआधी मूळ नोंदवह्या, नमुन्यांची यादी आणि आकडेवारीची प्रत मार्गदर्शकांकडे सोपवून पोच घ्यावी, आणि स्वतःकडे एक प्रत ठेवावी. ना-देय प्रमाणपत्रावर ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा यांच्या स्वाक्षऱ्या घ्यायला आठवडा हाताशी ठेवावा. शिफारसपत्र मागायचे असेल तर किमान तीन आठवडे आधी मागावे, सोबत आपली माहिती आणि ज्या जागेसाठी अर्ज आहे तिची जाहिरात जोडावी, आणि मार्गदर्शकांशिवाय समितीतल्या आणखी एका सदस्यांकडूनही घ्यावे. तुमच्या जागेवर येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी उपकरणांच्या खोडी, प्रक्षेत्रावरचे ओले कोपरे, नमुना अर्ज आणि उपयोगी दूरध्वनी क्रमांक एका फाईलमध्ये लिहून ती प्रयोगशाळा परिचरांकडे ठेवावी.